डावऱ्या रँडलचा एक्स्ट्रॅक्टर कुठे मिळेल?

डावरा_टूसॉन

नमस्कार मंडळी. बंदुकीचा धागा इथे काढावा की नाही, यावर दोन दिवस घालवले. पण इथे लेथ-मिलिंगवर हयात घालवलेली माणसं बरीच आहेत हे ठाऊक आहे, म्हणून धीर केला.

माझ्याकडे रँडल कंपनीचं बी१३१ पिस्तूल आहे. १९११ या जुन्या अमेरिकन लष्करी पिस्तुलाच्या धाटणीचं, .४५ इंची गोळीचं, सगळं स्टेनलेस. कॅलिफोर्नियातल्या सन व्हॅलीत १९८३ ते १९८५ एवढीच काय ती या कंपनीची कारकीर्द, पण तेवढ्यात त्यांनी एक वेडेपणा करून ठेवला. डावऱ्यांसाठी अख्खं पिस्तूल आरशात दिसावं तसं उलटं केलं. बार झाला की रिकामी पुंगळी डावीकडे उडते. सेफ्टी उजव्या अंगाला, मॅगझीन सोडायचं बटणही उजव्या अंगाला, म्हणजे बरोबर माझ्या डाव्या अंगठ्याखाली. मी जन्माचा डावरा. प्रसादाला डावा हात पुढे केला की आजीची चापट ठरलेली. इचलकरंजीच्या कारखान्यात व्हर्नियरसुद्धा उजव्यांचंच, डाव्या हातात धरलं की आकडे उलटे. त्यामुळे २००९ साली इथे अमेरिकेत, टूसॉनच्या एका गन शोमध्ये हे पिस्तूल हातात घेतलं तेव्हा काय वाटलं ते डावऱ्यांनाच कळेल.

तर अडचण अशी. गेल्या महिन्यात रेंजवर पुंगळी नळीतच अडकून राहायला लागली, दर चार-पाच बारांमागे एकदा. उघडून भिंगाखाली धरलं तर एक्स्ट्रॅक्टरच्या (नखाने पुंगळी ओढून काढणारी दांडी, स्वतःच स्प्रिंगसारखी दाबते) नखाचा कोपरा उडालेला, तांदळाच्या कणीएवढा. एका दुकानाने ‘कुठल्याही १९११ला बसतो’ म्हणून जो पाठवला तो अर्थातच उजवा निघाला, आणि परत घेताना वर पैसे कापले. दुसरं म्हणजे मॅगझीन एकच आहे आणि त्याचे काडतुसं धरून ठेवणारे ओठ फाकलेत.

कुणी या वाटेने गेलंय का?

लेथवाले_काका (भोसरी)

एक्स्ट्रॅक्टर म्हणजे गोल दांडीच ना? मग उजवाच घ्या आणि अर्धा फेरा फिरवून बसवा. नाहीतर ड्रॉइंग पाठवा, वायरकटवर (तारेने धातू कापणाऱ्या यंत्रावर) काढून दिवाळीच्या फराळाबरोबर कुरियर करतो.

डावरा_टूसॉन

काका, पहिल्या दिवशी मलाही हेच सुचलं होतं. फिरवला की नख हव्या त्या बाजूला वळतं, इथपर्यंत ठीक. पण नखाची खालची कड गोलसर घासलेली असते. काडतूस मॅगझीनमधून वर सरकताना त्याची कोर त्या गोलाईवरून नखाखाली शिरते. अर्धा फेरा दिला की ती गोलाई वर जाते आणि खाली येते चौकोनी कड. काडतूस तिथेच ठेचकाळतं. तुमच्या भाषेत सांगायचं तर डावा आटा उलटा धरला तरी डावाच राहतो.

लेथवाले_काका

आट्याचं पटलं. चूक झाली. पण वायरकटचं तेवढं बघा.

वकिली_चष्मा (ठाणे)

काका, थांबा! १९५९च्या शस्त्र कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत सुटे भागही येतात. परवान्याशिवाय बनवणं हा गुन्हा आहे, मग तुमच्यासाठी तो ‘एवढासा तुकडा’ का असेना. फराळाच्या डब्यात तर अजिबात नको. चकल्या पाठवा.

लेथवाले_काका

बरं बाबा. तिथेच कुणाकडून करून घेणार असाल तर एवढंच सांगतो, स्प्रिंग स्टील घ्या. पिस्तूल स्टेनलेसचं आहे म्हणून हाही स्टेनलेसचा हवा, या मोहात पडू नका. दांडी स्वतःच स्प्रिंगचं काम करते म्हणताय, तर पाणी नीट चढवून उतरवलेलं हवं.

अनघा_ऑस्टिन

माझ्या सासऱ्यांकडे ए-वाला रँडल आहे, म्हणून थोडी माहिती. नावातलं अक्षर हात सांगतं: ए उजवा, बी डावा. पहिला आकडा आकाराचा, दुसरा साइटचा (नेम धरायच्या खुणेचा), तिसरा गोळीचा. म्हणजे तुमचं पूर्ण आकाराचं, ॲडजस्टेबल साइटचं, .४५. सगळी मिळून पिस्तुलं दहा हजारांच्या आतच बनली आणि त्यात डावी थोडीच, त्यामुळे सुटे भाग नव्या मालाच्या दुकानात शोधण्यात अर्थ नाही. संग्राहकांच्या जाहिरातीच बघाव्या लागतील. पेनसिल्व्हेनियातली कॅबट कंपनी हल्ली डाव्या १९११ करते, पण त्यांच्या किमती बघून मी टॅब बंद केला.

स्प्रिंगांची काळजी नको. रिकॉइल स्प्रिंग, घोड्याची मेनस्प्रिंग, फायरिंग पिनची स्प्रिंग, या साध्या १९११च्याच चालतात. या स्प्रिंगांना डावं-उजवं लागत नाही. आणि स्टेनलेसवर स्टेनलेस घासून ओरखडे पडतात, तेव्हा स्लाइडच्या (वरच्या सरकत्या भागाच्या) खाचांत तेलापेक्षा ग्रीस बरं.

बालेवाडीकर

मीही डावरी, पण दहा मीटर एअर पिस्तूलवाली. आमच्याकडे डावी लाकडी मूठ मागवली की बहुतेक काम झालं. पुंगळीच नाही, तर ती उडणार कुठे! मूठ यायला मात्र इतके महिने लागले की मी उजव्या मुठीला लाकडाची लांबी (पुट्टी) लावून, घासून घासून एक मोसम काढला. तळहाताला पडलेला घट्टा अजून आहे.

कुतूहल म्हणून विचारते: मग डावी पिस्तुलं चालली का नाहीत?

डावरा_टूसॉन

@बालेवाडीकर, माझ्या मते दोन्ही अंगांना पाती असलेल्या सेफ्टीने घात केला. साध्या १९११ला तेवढी बसवली की डावऱ्याचं निम्मं दुखणं थोडक्या पैशांत जातं. पुंगळी तोंडापुढून उजवीकडे जाते ती जाऊ दे, असं म्हणून लोक गप्प बसतात. उलटी फ्रेम, उलटी स्लाइड करायची म्हणजे डाय, जिग सगळं दुसरं. दहातल्या एका गिऱ्हाइकासाठी ते कोण करणार?

डावरा_टूसॉन

सात आठवड्यांनी परत येतोय. एक्स्ट्रॅक्टर विकत मिळालाच नाही. इथल्या एका म्हाताऱ्या गनस्मिथने स्प्रिंग स्टीलच्या दांडीतून कानशीने घडवला. (काका, तुमचं वाक्य मी त्याला जसंच्या तसं ऐकवलं. तो फक्त हसला.) तीन शनिवार गेले. नखाची गोलाई तो दगडावर चारदा घासायचा, की दारू नसलेलं नकली काडतूस सरकवून बघायचा, की पुन्हा घासायचा. माझा तुटका तुकडा शेजारी उलटा ठेवलेला, आणि मी दर वेळी ‘डावा, डावा’ करत उभा. शेवटी त्याने मला कॉफी आणायला बाहेर पिटाळलं. काल पन्नास बार काढले, एकही पुंगळी अडकली नाही.

मॅगझीनचं मात्र अर्धवटच जमलंय. साध्या स्टेनलेस मॅगझीनला डावीकडे खाच पाडून घेतली. बसतं, काडतुसंही नीट चढतात. पण काडतुसं वर ढकलणाऱ्या आतल्या पट्टीची पायरी उजव्यांच्या सोयीची, त्यामुळे शेवटच्या बारानंतर स्लाइड मागे थांबत नाही. सात मोजायचे आणि तरी उघडून बघायचं.

डाव्या रँडलचं जुनं मॅगझीन कुणाच्या पाहण्यात आलं, ओठ जागेवर असलेलं, तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.