बागेतल्या खड्ड्यांनी पूर थांबत नाही म्हणे!

मोगरा_सहकारनगर
परवा इथे 'सोसायटीतली बाग म्हणजे चिखल आणि डास' असा धागा आला होता. सगळी माती काढून पेव्हर ब्लॉक टाका, आवार स्वच्छ राहतं, आणि 'चार खड्डे खणून पूर थांबत नसतो', असं लेखकाचं म्हणणं. तिथे उत्तर लिहायला बसले तर ते त्या धाग्यापेक्षा लांब झालं, म्हणून वेगळा काढला.

हजार चौरस फूट फरशीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला की साडेचार हजार लिटरच्या वर पाणी होतं. आमच्याकडे पुण्यात, सहकारनगरला, ते पावसाळी गटारातून थेट आंबील ओढ्यात जातं. २५ सप्टेंबर २०१९ ची पुराची रात्र ज्यांनी इथे काढली त्यांना ओढा काय करतो हे मी सांगायला नको.

आम्ही गच्चीचा एक पाइप गटारातून काढून वाफ्यात सोडला. वाफा आवारापेक्षा वीतभर खोल, इमारतीच्या पायापासून दहा फूट लांब. तळाला विटांचे तुकडे, वर मुरूम मिसळलेली माती, शेणखत आणि जाड पाचोळा. कर्दळ आणि वाळा लावलाय, जास्तीच्या पाण्याला कडेला सांडवा. पाऊस थांबला की दुसऱ्या दिवशी पाणी जिरलेलं असतं. अंड्याचा डास व्हायला आठवडा तरी लागतो. तुमचे डास कुंडीखालच्या बशीत होतात, तिकडे बघा आधी.

चेअरमन_नाइलाजाने
तो धागा माझा. नाव घेऊन बोला की, 'लेखक' कशाला!
जुलै २०२४ मध्ये मुठा नदीकाठच्या एकतानगरीत पाणी शिरलं ते खडकवासला धरणातून ३५ हजार क्युसेकच्या वर विसर्ग झाला म्हणून. ते तुमच्या कर्दळीने अडलं असतं का? चाळीस वर्षं बांधकामात काढली आहेत. काळी माती एकदा भिजली की फुगते, पाणी आत घेत नाही. त्याखाली कातळ. तुमचं जिरलेलं पाणी उद्या शेजारच्या तळघरात निघेल.

मोगरा_सहकारनगर
काका, आंबील ओढ्यावर खडकवासला नाही. नदीचा पूर वेगळा, ओढ्याचा वेगळा. ओढ्यात सगळ्यांचं पाणी एकदम येतं हाच तर प्रश्न आहे. आणि काळ्या मातीसाठीच मुरूम घातला असं लिहिलंय वर. वाचलंत ना?

काडेपेटी
ब्लॉक चिखलासाठी कुणी टाकत नाही, पार्किंगसाठी टाकतात. आमच्याकडे 'सुशोभीकरण' म्हणून ठराव झाला. अनंताचं झाड गेलं आणि तिथे आठवड्याभरात कुणाची गाडी उभी राहिली ते विचारू नका. कमिटीतल्याच माणसाची.

दुसरी_गाडी_माझीच
पीएमपीची बस वेळेवर आणा, मी आज गाडी विकतो. आई-वडील पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, रात्री दवाखान्यात न्यायचं तर कर्दळीवर बसवून नेऊ?

काडेपेटी
पहिल्या गाडीत न्या. ती काय फक्त चितळेंच्या दुकानापुरती आहे?

दुसरी_गाडी_माझीच
वैयक्तिक बोलायचं काम नाही. मेंटेनन्स मीही भरतो, भाडेकरूंसारखा फुकट सल्ला देत नाही.

तिसरा_मजला_भाड्याने
हे बरं आहे. पाणी तुंबलं की बादल्या उपसायला भाडेकरू, आणि मत द्यायला मालक. गेल्या पावसाळ्यात मीटरच्या खोलीत पाणी आलं तेव्हा खाली कोण उतरलं होतं? विषय निघालाच आहे तर रोज सकाळी नळी लावून गाडी धुणाऱ्यांचंही बोला. फेस जाळीतून खाली जातो. पावसाळी गटाराचं पाणी शुद्धीकरण केंद्रात जात नाही, तसंच ओढ्यात आणि तिथून मुठेत.

इंदापूरकर
आणि तिथून भीमेतून उजनी धरणात, आमच्याकडे. तुमचा शाम्पू, तुमचा युरिया, तुमच्या कुत्र्यांची घाण. लॉनवर मूठमूठ युरिया टाकतात, संध्याकाळी पाऊस येतो, की खत खाली आणि जलपर्णी वर. पुण्यात डास मोजत बसता, उजनीचा हिरवा रंग बघायला या एकदा.

चेअरमन_नाइलाजाने
शेतातला युरिया कुठे जातो मग? आकाशात?

इंदापूरकर
आमचाही जातो, नाही कोण म्हणतंय? पण आम्ही पीक काढतो. तुम्ही लॉनवर काय काढता, फोटो?

मोगरा_सहकारनगर
युरियाबाबत इंदापूरकरांना +१. शेणखत आणि कुजलेला पाचोळा पुरतो. पण तो पाचोळा आमचे सभासद 'कचरा' म्हणून झाडून पेटवतात. मातीवर राहिला तर पावसाचा थेंब मातीवर थेट आपटत नाही, माती वाहून जात नाही. मी पोती भरून ठेवते, कुणीतरी साप येतील म्हणून उचलून फेकून देतं. कोण ते मला माहीत आहे.

तिसरा_मजला_भाड्याने
गाड्यांचं राहिलंच. नळीऐवजी बादली, एवढा तरी ठराव करा.

दुसरी_गाडी_माझीच
आधी तुमची दुचाकी जिन्याखालून काढा.

चेअरमन_नाइलाजाने
गाड्यांचा वेगळा धागा काढा बुवा.
ताई, नवीन बांधकामाला पर्जन्यजल संधारण सक्तीचं आहे, महापालिका मिळकतकरात ५ टक्के सूट देते, गांडूळखतही केलं तर १० टक्के. हे मला माहीत आहे, शिकवू नका. तुमचा वाफा त्यात बसतो का ते विचारून बघतो. मधल्या पट्ट्यात जाळीचे ब्लॉक टाकू, भोकांत गवत येतं, गाडीही उभी राहते. मात्र खाली काँक्रीट न ओतता खडीचा थर हवा, नाहीतर सगळी शोभाच. आणि गाड्या उभ्या राहतात तिथलं ऑइलचं पाणी बोअरवेलमध्ये पाणी जिरवायच्या खड्ड्यात सोडायचं नाही, तिथे फक्त गच्चीचं. एवढं मान्य केलं म्हणजे चिखलाचं म्हणणं सोडलं असं नव्हे. माझ्या बुटांना विचारा.

मोगरा_सहकारनगर
जाळीचे ब्लॉक! हे मी मागच्या सर्वसाधारण सभेत मांडलं होतं. इतिवृत्तात 'इतर विषयांवर चर्चा' असं लिहिलंय.

काडेपेटी
इतिवृत्त कोण लिहितं तुमच्याकडे?

चेअरमन_नाइलाजाने
मीच. पुढे बोला.