मदत हवी आहे : एचआयएसमधल्या (हॉस्पिटलच्या संगणक प्रणालीतल्या) वेळांवर ऑडिट करता येईल का?

नमस्कार मंडळी,

आमच्या सर्जरी विभागात ऑपरेशनआधीच्या अँटिबायोटिकचं ऑडिट करायचं ठरलंय. निकष साधा आहे: चीर देण्याआधीच्या ६० मिनिटांत डोस गेला का? जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्जिकल सेफ्टी चेकलिस्टमध्ये हेच विचारतात. (त्यांच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये १२० मिनिटं आहेत, पण औषधाची हाफ-लाइफ (रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ) बघून. सेफाझोलिन या अँटिबायोटिकला आम्ही ६०च धरतोय.)

अडलंय ते डेटापाशी. एचआयएसच्या रिपोर्टमध्ये वेळ येते, पण ती नोंद सेव्ह झाल्याची. एका ऑपरेशन थिएटरमधल्या (ओटी) सकाळच्या सगळ्या केसेसचे डोस दुपारी दीडच्या सुमारास, दोन-दोन मिनिटांच्या अंतराने दिलेले दिसतात. म्हणजे लिस्ट आटोपल्यावर सिस्टरांनी बसून नोंदी केल्या, आणि त्यात त्यांची काहीच चूक नाही. केस चालू असताना कीबोर्डकडे कोण जाणार? खरी वेळ भूलतज्ज्ञांच्या कागदी चार्टवर असते. तो स्कॅन होऊन पीडीएफ म्हणून चढतो, त्यामुळे क्वेरीत येत नाही.

केसेसची यादीही धड मिळत नाही. बिलिंग पॅकेजवरून काढली तर त्यात रद्द झालेली ऑपरेशनं येतात आणि ओटी रजिस्टरशी जुळत नाही. आयसीडी-१० या आजारांच्या कोडवरून निदान कळतं, ऑपरेशन नाही. भाजकच (एकूण केसेसचा आकडा) चुकला तर टक्केवारी काढून उपयोग काय?

वेळ रिकामी असेल तर 'डोस दिला नाही' धरावं, असं विभागातल्या काहींचं म्हणणं आहे. मला ते अजिबात पटत नाही. 'नोंद नाही' हा गट वेगळाच दाखवायला हवा, नाहीतर नोंदीतली त्रुटी उपचारातली त्रुटी म्हणून छापली जाईल.

ज्यांनी असं काम केलंय त्यांना विचारायचंय: 'डोस दिल्याची वेळ' असा वेगळा रकाना सक्तीचा केल्यावर खऱ्या वेळा येतात का, की सगळीकडे नऊ आणि साडेनऊच दिसतात? की सरळ ओटी रजिस्टरवरून नमुना निवडून चार्ट हाताने तपासावेत?

पुढेमागे यावर पेपर लिहायचा विचार आहे, म्हणून एथिक्स कमिटीकडे आत्ताच अर्ज करतोय. नाव आणि आयपी नंबर (पेशंटचा भरती क्रमांक) काढून टाकणार आहोत, पण ऑपरेशनची तारीख आणि वय एकत्र राहिलं तर दुर्मिळ केसमधला पेशंट ओळखू येईल. तारखेऐवजी फक्त मिनिटांचा फरक एक्स्पोर्ट करून मूळ यादी रेकॉर्ड विभागाकडेच ठेवली तर री-ऑडिटच्या वेळी अडचण येते का?