मदत हवी आहे: 'प्रथम महिला' लेखावरून एडिटची मारामारी चालू आहे

नमस्कार मंडळी, मी नागपूरचा, धरमपेठेत राहतो, रात्री वेळ मिळाला की ऑनलाइन ज्ञानकोशात मराठी लेख दुरुस्त करत बसतो, घरचे म्हणतात काय करून राहिला बाप्पा, पैसे तर मिळत नाहीत.

तर 'प्रथम महिला' या लेखात मी लिहिलं की हे काही संवैधानिक पद नाही, फक्त मानानं म्हणतात, अमेरिकेतही तसंच, आणि ती राष्ट्रप्रमुखाची बायकोच असावी लागते असंही नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स ब्यूकॅनन अविवाहित होते म्हणून १८५७ ते १८६१ त्यांची भाची हॅरिएट लेन हिनं ते सगळं सांभाळलं. एक सदस्य हे दरवेळी उडवतो, म्हणे भाची कशी चालेल!

वर त्यानं भारताच्या यादीत २००७ समोर प्रतिभाताई पाटलांचं नाव टाकलं. अरे, त्या पहिल्या महिला राष्ट्रपती, ही यादी राष्ट्रपतींच्या जोडीदारांची आहे. तिथं त्यांचे पती देवीसिंह शेखावत यायला पाहिजेत, आपल्या अमरावतीचे महापौर राहिलेले. पण त्यांना 'प्रथम महिला' कसं लिहू? 'प्रथम पुरुष' लिहिलं तर व्याकरणाचा तास वाटतो.

चर्चा पानावर मी दोनदा लिहिलं, तो उत्तरच देत नाही, सरळ रिव्हर्ट मारतो, म्हणजे माझा बदल पुसून जुनं परत आणतो. मीही काल तीनदा उलटवलं, आता मलाच ब्लॉक करतील का? प्रचालकाला (ज्ञानकोशाच्या अॅडमिनला) कळवू की आधी तिसऱ्या कोणाचं मत घेऊ? आणि शेखावतांसाठी चांगला मराठी शब्द असेल तर सांगा ना भाऊ.