बार्ले-हेर्टोगचं मॉडेल: तुकडे नेमके किती कापायचे?

कोपरीकर: ठाण्यात नववीच्या मुलांच्या प्रदर्शनासाठी बेल्जियममधल्या बार्ले-हेर्टोग या गावाच्या तुकड्यातुकड्यांच्या सीमांचं मॉडेल करायचंय. सनबोर्ड ३ बाय २ फूट. तुकडे किती, स्केल काय? आणि हा गुंता झाला कसा, हे थोडक्यात हवंय.

नकाशावेडा: नेदरलँड्सच्या पोटात बेल्जियमचे २२ तुकडे. त्यांच्याही पोटात परत नेदरलँड्सचे ७. इथवर सगळे करतात. आठवा डच तुकडा मात्र सलग बेल्जियमच्या हद्दीत आहे, तो हमखास राहतो. शिवाय गावाचा झोंडरआयखेन हा भाग मूळ बेल्जियमला जोडलेला आहे. म्हणून बोर्डाची खालची, म्हणजे दक्षिणेकडची पट्टी बेल्जियमच्याच रंगात घ्या.

स्केल १:१०,०००. सर्वांत मोठा तुकडा १.५४ चौ. किमी, म्हणजे बोर्डावर १५४ चौ. सेंमी. सर्वांत छोटा २,६३२ चौ. मीटर, म्हणजे पाव चौ. सेंमी, बाजू जेमतेम अर्धा सेंमी. तो कटरने कापायला गेलात की कडा चुरा होणार. तो छापूनच घ्या. गावठाणाचा भाग ए-३ वर १:२,५०० ने वेगळा दाखवा, मजा तिथेच आहे.

वाशी१७: भोकं पाडू नका, थर चढवा. तळाला नेदरलँड्सचा नारिंगी, वर बेल्जियमचे ३ मिमीचे पिवळे तुकडे, त्यावर परत नारिंगी. कागदी प्रिंट फेव्हिकॉलने लावली तर पावसाळ्यात फुगे येतात. विनाइल मारून घ्या.

नकाशावेडा: इतिहासाचं राहिलं. ११९८ मध्ये ब्राबांटचा ड्यूक पहिला हेन्री याने ब्रेडाच्या सरदाराला जमीन दिली, पण काही तुकडे स्वतःकडे ठेवले. 'हेर्टोग' म्हणजे ड्यूक. शेजारचं डच बार्ले 'नासाऊ', कारण ब्रेडा पुढे त्या घराण्याकडे गेलं. १८४३ च्या मास्ट्रिख्ट करारातही सरळ रेघ जमेना, म्हणून ५,७३२ सर्व्हे प्लॉट एकेक करून वाटले. दोन प्लॉटचा वाद हेगच्या न्यायालयात गेला. १९५९ मध्ये १० विरुद्ध ४ मतांनी ते बेल्जियमला मिळाले. हद्द पक्की झाली १९९५ मध्ये.

कोपरीकर: घरातूनच रेघ गेली तर?

वाशी१७: पुढचं दार ज्या देशात, घर त्या देशाचं. ए-३ वर एक घर कापून दार सरकतं ठेवा आणि दोन्हीकडे नंबरपाटी लावा, पाटीवर झेंडा ज्याच्या त्याच्या देशाचा. रस्त्यावरची हद्द पांढऱ्या फुल्यांनी दाखवा, एका बाजूला 'बी', दुसऱ्या बाजूला 'एनएल'. फुल्या पांढऱ्या मार्करने नको, पुसतात, विनाइलच्याच कापा.

नकाशावेडा: परीक्षक कूचबिहार विचारतीलच. तिथले भारताचे १११ आणि बांगलादेशचे ५१ तुकडे २०१५ मध्ये अदलाबदल होऊन संपले. बार्लेचे अजून आहेत.