क्रिएटिनीन नॉर्मल, पण लघवीत अल्ब्युमिन ८४. आईचा किडनीचा रिपोर्ट कसा वाचायचा?

नमस्कार मंडळी. आईबद्दल विचारायचं आहे. वय ५८, टाईप २ ची शुगर ११ वर्षांपासून, बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू. मागचं एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ८.१. आमचे नेहमीचे डॉक्टर किडनीसाठी दरवर्षी रक्तातलं क्रिएटिनीन करायला सांगायचे. ते ०.९ च्या पुढे कधी गेलं नाही, म्हणून आम्ही निर्धास्त होतो.

यंदा डोळे दाखवायला नेलं तर पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके निघाले. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, लघवीची एसीआर केलीय का? मी हे नावच पहिल्यांदा ऐकलं. लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन किती जातंय ते त्यात कळतं. घरी येऊन आईची साडीच्या दुकानाची पिशवी काढली, तिचे सगळे रिपोर्ट त्यातच असतात. जमिनीवर वर्षावार मांडले. ११ वर्षांत ही तपासणी एकदाही नाही. साध्या लघवीच्या कागदावर मात्र दर वेळी 'अल्ब्युमिन: नाही'. फार वाईट वाटलं.

आता केली. ८४ मिग्रॅ प्रति ग्रॅम आलंय, नॉर्मल ३० च्या आत. क्रिएटिनीन आताही ०.९, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) ७४. पण नमुना दिला त्याच्या आदल्या दिवशी आई वारीहून परतली होती. वेळापूरपासून पंढरपूरपर्यंत चालली, लघवीला जळजळ होत होती, गुडघ्यांसाठी रोज डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी घेत होती. मग हा आकडा खरा धरायचा का? पुन्हा कधी करायची? आई म्हणते, पाय सुजले नाहीत, काही दुखत नाही, कशाला पुन्हा टोचून घ्यायचं.

प्रतिसाद १
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. आईंना आधी सांगा, यात टोचणं नाही, फक्त लघवी द्यायची. साध्या तपासणीत लघवीत बुडवतात ती पट्टी अल्ब्युमिन बरंच वाढल्याशिवाय रंग बदलत नाही. ३० ते ३०० मधलं तिच्यातून सहज निसटतं. किडनीचं सुरुवातीचं नुकसान नेमकं तिथेच असतं. पण खूप चालणं, ताप, लघवीचा संसर्ग, शुगर फार चढलेली असणं यानेही आकडा तात्पुरता वाढतो. तेव्हा आधी जळजळीचा इलाज करून घ्या, मग सकाळची पहिली लघवी द्या. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन नमुने वाढलेले आले की पक्कं धरतात.

प्रतिसाद २
वडिलांचं असंच उशिरा कळलं, म्हणून कळकळीने लिहितोय. क्रिएटिनीनवर विसंबू नका. किडनीची जवळपास निम्मी ताकद जाईपर्यंत ते नॉर्मलमध्ये राहू शकतं. ते स्नायूंतून येतं, त्यामुळे बारीक अंगाच्या माणसांत तर आणखीच फसवतं. टाईप २ मध्ये एसीआर निदान झाल्यापासून दरवर्षी व्हायला हवी. डोळ्याच्या पडद्यावर ठिपके आहेत म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांना शुगरचा त्रास सुरू झालाय, म्हणून वारीचं कारण देऊन हा आकडा सोडून देऊ नका.

वडिलांना टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी सुरू केली, पुढे डापाग्लिफ्लोझिन ही शुगरची. टेल्मिसार्टन सुरू झाल्यावर दोन आठवड्यांनी क्रिएटिनीन आणि पोटॅशियम पुन्हा पाहिलं. त्यांचं अल्ब्युमिन १४० होतं, वर्षभरात ५० च्या खाली आलं. या टप्प्यावर सापडलं तर हातात बरंच काही असतं. आईंची बीपीची गोळी बदलायची का हे डॉक्टरांना विचारा, मनाने बदलू नका. डायक्लोफेनॅक मात्र त्यांना विचारल्याशिवाय यापुढे नको. आणि कुणी किडनीसाठी भस्म सुचवलं तर अजिबात देऊ नका.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. जळजळीसाठी उद्या डॉक्टरांकडे नेतेय, तेव्हाच गोळीचंही विचारेन. टोचायचं नाही म्हटल्यावर आई तयार झाली. डायक्लोफेनॅकची उरलेली पट्टी तिच्या डब्यातून काढून घेतलीय. एक राहिलं: पुढच्या नमुन्याच्या आधी तिचं सकाळचं फिरणं किती दिवस थांबवू?

प्रतिसाद १
रोजचं फिरणं चालू दे. फक्त नमुन्याच्या आधीचा एक दिवस जास्त श्रम नकोत.