आजीव सभासद फी वाढवायची का, आणि कशी?

तालुका_खजिनदार
नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्यात डॉक्टरांची एक स्वतंत्र संघटना आहे, मी सध्या तिचा खजिनदार. जवळजवळ सगळे आजीव सभासद, म्हणजे एकदा फी भरली की विषय संपला. ते पैसे एफडीत आणि येणाऱ्या व्याजावर ऑफिसचं भाडं, क्लार्कचा पगार, ऑडिट, सीएमई (डॉक्टरांचं ज्ञान अद्ययावत ठेवणारी व्याख्यानं-कार्यशाळा) सगळं भागवायचं असं जुन्या लोकांनी ठरवलेलं. आता काही केल्या पुरत नाही. कमिटीत बरेच जण म्हणतायत नवीन येणाऱ्यांची फी दुप्पट करून टाका. मला ते अजिबात पटत नाहीये, खर्च सगळ्यांवर होतो आणि भुर्दंड मात्र नुकताच दवाखाना टाकलेल्या पोरांनी का सोसायचा? तुमच्याकडे कसं करतात?

माजी_सचिव
डॉक्टर, दुप्पट करून पण भागणार नाही. साधा हिशोब करा, ५००० आजीव फी धरली तर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला ३२५ रुपये येतात, एका सीएमईला हॉल आणि माणशी जेवण धरलं की तिथेच संपले. दुप्पट केली तर ६५०, ते पण फक्त नव्यांचे. मुद्दलाला हात लावू नका, तो कॉर्पस, म्हणजे कायम राखायचा निधी आहे, एकदा मोडायची सवय लागली की थांबत नाही. आम्ही सीएमईची फी वेगळी केली, जो येईल तो भरेल. आणि जुन्या आजीव सभासदांना शब्द दिलाय, त्यांच्यावर सक्ती करू नका पण दरवर्षी ऐच्छिक वर्गणी मागायला काहीच हरकत नाही, सीनियर लोक देतात हो, नीट मागितलं पाहिजे.

नवी_एमडी
माझं मत थोडं वेगळं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीच्या रिन्युअलला ५ वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात, ते सीएमईतून मिळतात, त्यामुळे सीएमईला आम्हाला यावंच लागतं, तिथेच फी वाढवली की परत आमच्याच खिशाला कात्री. पहिली तीन वर्षं सवलत द्या, आजीव फीचे हप्ते पाडून द्या, नवरा-बायको दोघं डॉक्टर असतील तर दुसऱ्याला कमी घ्या. बाळंतपणात प्रॅक्टिस बंद असते तेव्हा वार्षिक वर्गणी माफ असावी, हे कुणीच बोलत नाही. आणि आधी हिशोब दाखवा ना! पैसे कुठे जातात ते कळलं तर आम्ही भांडत बसणार नाही.

हिशोबनीस
आधी तुमच्या संघटनेची घटना (नियमावली) उघडून बघा, फीचा आकडा त्यातच लिहिलेला असेल तर कमिटीच्या ठरावाने चालत नाही, सर्वसाधारण सभेत घटनादुरुस्ती करून पुढची धर्मादाय आयुक्तांकडची कामं करावी लागतील. दुरुस्ती करताय तर आकडाच काढून टाका, "सर्वसाधारण सभा वेळोवेळी ठरवेल ती फी" असं लिहा म्हणजे दर वेळी हा घोळ नको. जीएसटीचं पण बघा, वर्षाची जमा २० लाखांच्या वर जात असेल तर नोंदणीचा प्रश्न येतो. सभासदांकडून घेतलेल्या पैशावर कर लावणारी तरतूद केरळ हायकोर्टाने २०२५ मध्ये आयएमएच्या (इंडियन मेडिकल असोसिएशन) तिथल्या शाखेच्या केसमध्ये घटनाबाह्य ठरवली, पण तेवढ्यावर विसंबून राहू नका, सीएला विचारूनच ठरवा.

तालुका_खजिनदार
घटना काढून बघितली, आकडा आहेच त्यात. आता सभेच्या नोटिशीबरोबर मागच्या तीन वर्षांचा जमाखर्च सगळ्यांना पाठवतोय, आणि हप्ते नि बाळंतपणाची माफी हे दोन्ही विषय अजेंड्यावर घेतो. ऐच्छिक वर्गणीच्या पत्राचा मसुदा कुणाकडे असेल तर इथे टाका प्लीज.