आणीबाणीतही न्यायालयाचे दार उघडे असलेच पाहिजे

मूळ मत:
संकटकाळात सरकारला जादा अधिकार लागतात, हे मला मान्य आहे. माझा आक्षेप आहे तो त्या अधिकारांच्या वापराबद्दल जाब विचारण्याची सोयच काढून घेण्याला. भारतात जून १९७५ मध्ये आणीबाणी लागू झाली आणि विनाचौकशी स्थानबद्ध केलेल्यांच्या याचिका उच्च न्यायालयांतून सर्वोच्च न्यायालयापुढे आल्या. आणीबाणीत स्थानबद्धतेविरुद्ध न्यायालयात दादच मागता येत नाही, असा सरकारचा युक्तिवाद होता. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी महान्यायवादी निरेन डे यांना विचारले की, एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरापोटी कोणाचा जीव घेतला, तरी दाद मागता येणार नाही का? आपला युक्तिवाद मान्य केला तर आणीबाणी असेपर्यंत येणार नाही, असे उत्तर डे यांनी दिले. एप्रिल १९७६ मध्ये पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारची बाजू उचलून धरली. एकट्या खन्नांनी विरोधी निकाल दिला आणि पुढच्याच जानेवारीत त्यांची ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला देण्यात आले. भर न्यायालयात दिलेले ते उत्तर वाचून आजही माझ्या अंगावर काटा येतो.

प्रतिसाद (असहमत):
आपण सरकारलाच स्वातंत्र्याचा एकमेव शत्रू मानता, हे मला पटत नाही. दुबळ्या सरकारच्या राज्यात माणूस मोकळा होत नाही, तो झुंडीच्या तावडीत सापडतो. १९५७ मध्ये अमेरिकेतील लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत पाऊल ठेवणे जमावाने अशक्य केले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी लष्कर पाठवले. त्या मुलांचे स्वातंत्र्य सत्तेच्या बळावरच टिकले.

मूळ लेखकाचे उत्तर:
उदाहरण चोख आहे, पण ते अर्धेच सांगितलेत. त्या मुलांना आधी अडवले ते राज्याच्या गव्हर्नरने तैनात केलेल्या नॅशनल गार्डने, म्हणजे सत्तेनेच. आणि लष्कर आले ते न्यायालयाच्या आदेशाची अंमलबजावणी करण्यासाठी. सरकार बलवान असावे, याबद्दल आपला वाद नाहीच.

प्रतिसाद (अंशतः असहमत):
दार उघडे असून तरी काय साधते? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना घरांतून उठवून छावण्यांत डांबले आणि त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. घर सोडण्याचा हुकूम न मानणाऱ्या फ्रेड कोरेमात्सु याचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तरी १८ डिसेंबर १९४४ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी सरकारच जिंकले. न्यायाधीशही त्याच भयाच्या वातावरणात जगत असतात.

मूळ लेखकाचे उत्तर:
भयाबद्दलचे आपले म्हणणे खरे आहे आणि म्हणूनच अशा अधिकारांना मुदत आणि संसदेची फेरमंजुरी यांची जोड हवी, असे मी म्हणेन. पण त्याच दिवशी त्याच न्यायालयाने छावणीत डांबलेल्या मित्सुये एंडो हिच्या याचिकेवर एकमताने निकाल दिला की, निष्ठावान ठरलेल्या नागरिकाला डांबून ठेवण्याचा अधिकार सरकारला नाही. हा निकाल येणार म्हणूनच सरकारने आदल्या दिवशी जपानी वंशाच्या लोकांना पश्चिम किनाऱ्यावर राहण्यास असलेली सरसकट बंदी उठवल्याचे जाहीर केले होते. एंडोला त्याआधी सुटकेची तयारी दाखवण्यात आली होती. अट एवढीच होती की तिने किनाऱ्यावरच्या आपल्या भागात परतू नये. सुटकेमुळे खटलाच निरर्थक ठरून बंद होऊ नये म्हणून तिने ती नाकारली आणि ती छावणीतच राहिली. १९७६ च्या निकालानंतर भारतातल्या स्थानबद्धांना अशी याचिका चालवण्याचीही वाट उरली नव्हती.